दलदलीला पाणी परत देताना

मराठीत 'दलदल' हा शब्द आपण चांगल्या अर्थाने क्वचितच वापरतो. माणूस कर्जाच्या दलदलीत रुततो, संस्था गैरव्यवहारांच्या दलदलीत फसते, आणि त्यातून जो बाहेर पडतो तो सुटला असे आपण मानतो. 'पाणथळ' हा शब्द त्या मानाने सौम्य आहे, पण जमिनीविषयी बोलताना तोही उणेपणाच सांगतो. जमीन पाणथळ आहे, चिबड आहे, म्हणजे तिचा निचरा करून तिला कामाला लावले पाहिजे, असा त्याचा रोख असतो. मीही अनेक वर्षे याच समजुतीत होतो. लागवडीखाली आलेली कोरडी जमीन म्हणजे प्रगती आणि पाय ठेवताच खचणारी ओली जमीन म्हणजे पडीक, हा हिशेब इतका अंगवळणी पडला होता की त्याविषयी कधी शंकाही आली नाही. गेल्या काही वर्षांत पाणथळ जागांविषयी, आणि त्यांतही पीट या दलदलीतल्या मातीविषयी, जे काही वाचले त्याने तो हिशेब माझ्यापुरता मोडला आहे.

सुरुवात एका पिशवीपासून झाली. रोपे तयार करण्यासाठी मी 'पीट मॉस' असे लिहिलेली पिशवी आणली होती. आपल्यापैकी बहुतेकांना 'पीट' हा शब्द 'कोकोपीट'मुळे ठाऊक असतो, आणि मलाही दोन्ही वस्तू एकाच जातीच्या वाटल्या होत्या. वास्तविक कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा; नारळ लागत राहतात तोवर तो दरवर्षी नव्याने मिळतो. पिशवीतले पीट मात्र दलदलीतून खणून काढलेले असते, आणि ते कोणत्या गतीने साठते हे वाचल्यावर मी ती पिशवी पुन्हा हातात घेऊन पाहिली. पिटाचा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे वीतभर जाडीचा थर साठायला सुमारे दोनशे वर्षे लागतात, आणि पुरुषभर खोलीचा थर साठायला दीड ते दोन हजार वर्षे.

पीट म्हणजे पुरते न कुजलेले वनस्पतींचे अवशेष. एरवी झाड, गवत किंवा पान मेले की बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि त्यातला बहुतेक कार्बन हवेत परततो. या कामासाठी त्यांना प्राणवायू लागतो. जमीन बारा महिने पाण्याने तुडुंब असेल तर प्राणवायू आत पोहोचत नाही, कुजण्याची क्रिया रेंगाळते, आणि दरवर्षीची थोडीशी शिल्लक मागच्या वर्षीच्या शिलकीवर बसत जाते. थंड प्रदेशांत हे काम मुख्यतः स्फॅग्नम नावाचे शेवाळ करते. त्याच्या पानांत मोठ्या, मृत, पोकळ पेशी असतात आणि त्यांत पाणी साठते. त्यामुळे हे इवलेसे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवू शकते. शिवाय पाण्यातली खनिजे शोषून घेताना ते आजूबाजूचे पाणी आम्ल करते, आणि अशा पाण्यात कुजवणाऱ्या जिवाणूंचे फारसे चालत नाही. एवढीशी वनस्पती स्वतःला हवी तशी दलदल स्वतःच घडवत जाते, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. उष्ण कटिबंधात शेवाळाची जागा झाडे घेतात, आणि तिथले पीट हे दलदलीतल्या जंगलाच्या मुळांचे, फांद्यांचे आणि खोडांचे असते. अशा मातीत किती काय टिकते याचे एक उदाहरण डेन्मार्कमधले आहे. तिथे १९५० साली पीट कापणाऱ्यांना एका माणसाचे शरीर सापडले. त्याचा चेहरा इतका शाबूत होता की अलीकडेच खून झाला असावा असे समजून पोलिसांना बोलावण्यात आले. पुढे टोलुंड मॅन या नावाने प्रसिद्ध झालेला तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा निघाला.

जगातल्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीट आहे. मात्र जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जितका कार्बन आहे, त्यापेक्षा जास्त, प्रचलित अंदाजांनुसार दुपटीच्या आसपास, कार्बन या ३ टक्क्यांत आहे. जंगल वाचवा म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभे राहते, पण दलदल वाचवा म्हटल्यावर तसे चित्र उभे राहत नाही, कारण तिचा मोलाचा भाग पायाखाली आणि पाण्याखाली असतो.

तिच्यातले पाणी काढून घेतले की काय होते, याचा साक्षीदार म्हणता येईल असा एक लोखंडी खांब इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरमध्ये उभा आहे. तिथले व्हिटल्सी मिअर हे मोठे सरोवर १८५१ साली पंप लावून उपसण्यात आले, आणि भोवतालच्या होम फेन या दलदलीची जमीन किती खचते हे पाहण्यासाठी पिटातून खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत एक खांब ठोकण्यात आला. त्याचे टोक तेव्हा जमिनीच्या पातळीत होते. आज तेच टोक जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंचावर आहे. खांब आपल्या जागी उभाच आहे. खाली गेली ती जमीन. आधी पाणी निघून गेल्यामुळे पीट दबते आणि आकसते. मग हवा आत शिरते, आणि हजारो वर्षे थांबलेले कुजणे पुन्हा सुरू होऊन माती अक्षरशः हवेत विरून जाते. जमीन खचली की चर पुन्हा पाण्याच्या पातळीला येतात, म्हणून ते आणखी खोल खणावे लागतात, आणि त्यामुळे जमीन आणखी खचते. नेदरलँड्सच्या पश्चिम भागाने या चक्राचा अनुभव जवळजवळ हजार वर्षे घेतला आहे. तिथली जमीन समुद्रसपाटीखाली असल्याचे आपण शाळेत शिकतो, पण तिचा मोठा भाग शेतीसाठी पिटाचा निचरा केल्यामुळे खाली गेला, आणि पाणी उपसणाऱ्या त्या प्रसिद्ध पवनचक्क्या लागल्या त्याही बऱ्याच अंशी याच खचण्यामुळे, हे मला तरी कोणी शाळेत सांगितले नव्हते.

इंडोनेशियात जे शतकांत घडले असते ते काही महिन्यांत घडले. मध्य कालिमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर दलदलीवर भात पिकवण्याची सरकारी योजना १९९६ साली सुरू झाली, आणि त्यासाठी हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खणण्यात आले. त्या आम्ल, निकस मातीत भात नीट पिकला नाही, पण कालव्यांनी पाणी मात्र वाहून नेले. १९९७ साली एल निनोमुळे पाऊस ओढला, आणि जंगल साफ करण्यासाठी लावलेल्या आगी कोरड्या पिटात शिरल्या. पिटाची आग ज्वाळांनी भडकत नाही. ती जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते, वर पाणी ओतले तरी खाली पोहोचत नाही, आणि बहुधा मोठा पाऊस येऊन भूजल वर चढेपर्यंत विझत नाही. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पिटातून आणि त्यावरच्या वनस्पतींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला असावा असा अंदाज शास्त्रज्ञांनी २००२ साली मांडला; संपूर्ण जगाने त्या काळी वर्षभरात जाळलेल्या कोळसा, तेल आणि वायूतून निघणाऱ्या कार्बनच्या तुलनेत हा आकडा १३ ते ४० टक्के भरतो. योजना १९९९ साली गुंडाळण्यात आली. कालवे तिथेच राहिले. २०१५ सालच्या कोरड्या हंगामात देशभरात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले, त्यात पिटाची जमीनही फार मोठी होती, आणि त्यानंतर, २०१६ साली, इंडोनेशियाने पीट पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली.

दलदल पूर्ववत करणे हे मुळात पाण्याच्या पातळीचे काम आहे. बाकी सगळे, म्हणजे रोपे, पक्षी, माहितीचे फलक, त्याच्या मागून येते. चरांमध्ये ठरावीक अंतरावर पिटाचेच, लाकडाचे किंवा दगडांचे बांध घालायचे, जेणेकरून पाणी थांबेल आणि दोन्ही बाजूंना झिरपेल, हे ऐकायला सोपे वाटते. एव्हान्स आणि सहकाऱ्यांचा २०२१ सालचा अभ्यास असे सांगतो की, निचरा केलेल्या पिटात भूजलाची पातळी १० सेंटिमीटरने वर आणली तर दर हेक्टरी दरवर्षी किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टळते, आणि पाणी पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत हा हिशेब लागू राहतो. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो शेतकऱ्याशी बोलण्याची वाट मोकळी करतो. आजच्या आज सगळी शेती सोडून द्या असे कोणी सांगितले तर तो ऐकणार नाही, आणि त्याने का ऐकावे? पण पाणी अर्धी वीत वर येऊ द्या, ही विनंती वेगळी आहे.

प्रत्यक्षात मात्र अडचणी पुष्कळ येतात. चराजवळची जमीन जास्त खचलेली असते, त्यामुळे पाणी परत सोडले की सगळीकडे सारखी ओल येत नाही. एकीकडे तळे होते आणि दुसरीकडे जमीन कोरडीच राहते. अनेक वर्षे खत घातलेली वरची माती स्फुरदाने भरलेली असते, आणि ती भिजली की पाण्यात शेवाळी वाढते. म्हणून काही ठिकाणी वरचा थर आधी काढून टाकावा लागतो. पीट यंत्रांनी खरवडून नेलेल्या जागी तर शेवाळाचा एक तंतूही उरलेला नसतो. अशा उजाड जागांसाठी कॅनडातल्या क्यूबेकमध्ये लिन रोशफोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत विकसित केली. जवळच्या जिवंत दलदलीतून शेवाळाचा वरचा पातळ थर उचलायचा, त्याचे तुकडे सुमारे दहापट क्षेत्रावर पसरायचे, वर पेंढा अंथरून सावली आणि ओल टिकवायची, आणि चर बुजवायचे. बोआ-दे-बेल नावाच्या दलदलीत १९९९ साली हे करण्यात आले, आणि सुमारे १४ वर्षांनी झालेल्या मोजणीत ती जागा पुन्हा हवेतला कार्बन साठवू लागल्याचे दिसले. योजना मंजूर करणाऱ्यांना चौदा वर्षे फार वाटतात. ज्या वस्तूची वाढ वर्षाला १ मिलिमीटर आहे तिच्यासाठी मला ती थोडी वाटतात.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. ओल्या दलदलीतून मिथेन निघतो, आणि मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक तापवणारा वायू आहे. कोरडी जमीन पुन्हा भिजवली की सुरुवातीच्या वर्षांत मिथेन वाढू शकतो, विशेषतः ताजे गवत पाण्याखाली बुडाले असेल तर. परंतु मिथेन हवेत साधारण दशकभर टिकतो, तर कोरड्या पिटातून निघणारा कार्बन डायऑक्साइड साठतच जातो आणि त्याचा परिणाम शतकानुशतके राहतो. त्यामुळे वाट पाहत बसण्यापेक्षा लवकर भिजवणे हिताचे ठरते, असे या विषयावरचा हिशेब दाखवतो. पाणी जमिनीच्या किंचित खाली ठेवले आणि वर उभे राहू दिले नाही, तर मिथेनही बराच आटोक्यात राहतो. हे सांभाळायला दर हंगामात पातळी मोजणारे माणूस लागते. एकदा बांध घालून निघून गेल्याने ते साधत नाही.

झाडे लावण्याविषयी मला थोडे मोकळेपणाने बोलायचे आहे, कारण झाड लावणे हे नेहमीच पुण्याचे काम असते अशी आपली श्रद्धा आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा पिटाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. १९७० आणि १९८०च्या दशकांत करसवलतींच्या आधारे तिथे नांगर घालून, चर काढून, बाहेरून आणलेल्या सूचिपर्णी झाडांची मोठी लागवड झाली. त्या सवलती १९८८ साली बंद झाल्या. झाडांनी पाणी शोषून पीट कोरडे केलेच, शिवाय मोकळ्या दलदलीत जमिनीवर घरटी करणारे पक्षी लागवडीच्या कडेपासूनही दूर राहू लागले. आज तिथे तीच झाडे तोडून नांगराच्या सऱ्या सपाट केल्या जात आहेत आणि चर बुजवले जात आहेत, आणि २०२४ साली हा प्रदेश जागतिक वारसा यादीत आला. पर्यावरणासाठी झाडे तोडावी लागतात हे वाक्य कानाला खटकते, पण दलदलीत ते खरे आहे.

खारफुटीच्या बाबतीतही असेच घडले आहे. फिलिपिन्समध्ये गेल्या काही दशकांत खारफुटीची प्रचंड लागवड झाली आणि तिच्यातली बहुतेक रोपे मेली, कारण ती खारफुटीच्या मूळ जागेवर न लावता भरतीच्या फार खालच्या चिखलात लावली गेली. मूळ जागांवर मत्स्यतळी झाली होती आणि त्यांच्यावर कोणाची ना कोणाची मालकी होती. चिखल मोकळा होता, म्हणून रोपे तिथे गेली. रॉबिन लुईस या अमेरिकी परिसंस्थातज्ज्ञांचे सांगणे असे होते की, आधी तिथे खारफुटी का नाही हे शोधा, भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे बांध फोडा, आणि बिया पाण्याबरोबर स्वतःहून येतात की नाही ते पाहा. रोपे लावण्याचा विचार त्यानंतर करा. लावलेल्या रोपांची संख्या अहवालात छान दिसते, पण पाच वर्षांनी त्यातली किती उभी आहेत हे त्याच अहवालात लिहिणे बंधनकारक केले तर बऱ्याच गोष्टी बदलतील असे मला वाटते.

पाण्याची वाट मोकळी केली की काय होते याचे ओडिशातले चिल्का हे ठळक उदाहरण आहे. समुद्राशी जोडणारे मुख गाळाने भरत गेल्यामुळे या सरोवराची क्षारता घटली, गोड्या पाण्यातले तण माजले, मासे कमी झाले, आणि १९९३ साली पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या धोक्यातील स्थळांच्या, म्हणजे माँट्रो नोंदीच्या, यादीत त्याचे नाव गेले. वाळूचा दांडा कापून सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. त्याबरोबर वरच्या पाणलोट क्षेत्रात गाळ अडवण्याचे कामही झाले. मासळीचे उत्पन्न पुढच्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढले, आणि २००२ साली चिल्का त्या यादीतून बाहेर पडले. आशियातले असे ते पहिले स्थळ होते. इराकच्या दक्षिणेकडच्या दलदलींची कथा मात्र अजून अधांतरी आहे. १९९०च्या दशकात त्या मुद्दाम कोरड्या करण्यात आल्या, जेणेकरून तिथल्या लोकांना आश्रय मिळू नये. २००३ साली सद्दाम हुसेनची राजवट पडताच लोकांनीच बंधारे फोडले, आणि काही वर्षांत निम्म्याच्या आसपास क्षेत्र पुन्हा भिजले. आज तिथे पाणी पुन्हा अपुरे पडते, कारण ते वरच्या अंगाच्या धरणांमागे अडते आणि दुष्काळात आटते. बांध एका दिवसात फोडता आला. पाणी मात्र दरवर्षी यावे लागते, आणि ते देणे खालच्या लोकांच्या हातात नसते.

रामसर करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला. त्यात पाणथळ जागा कुंपण घालून बंद करा असे म्हटलेले नाही, तर त्यांचा शहाणपणाने वापर करा असे म्हटले आहे. मला हा विचार कराराचा गाभा वाटतो. दलदलीच्या काठचा माणूस ओल्या जमिनीवर जगू शकला तरच ती ओली राहील. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड येथे हान्स योस्टन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे नेमक्या याच प्रश्नावर काम करत आले आहेत. पाण्यात वाढणारी पिके घ्यायची, या शेतीला पॅलुडीकल्चर म्हणतात. पाणकणसाच्या पोकळ पानांपासून घरबांधणीसाठी उष्णतारोधक फळ्या होतात, वेताएवढ्या उंच बोरूची छपरे होतात, आणि स्फॅग्नमची लागवड करून पिटाऐवजी रोपवाटिकांना ते विकता येते. त्याच भागातल्या मालखिन गावी ओल्या कुरणांतले गवत जाळून घरांना उष्णता पुरवणारे केंद्र २०१४ पासून चालते. हे अजून लहान प्रमाणावर आहे, आणि निचरा करून घेतलेल्या पिकांना अनुदान मिळते तोवर ओल्या पिकांना त्यांच्याशी बरोबरी करणे अवघड राहील. इंडोनेशियाच्या नियमांनुसार लागवडीखालच्या पिटात पाणी पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायचे नाही. याने आगीचा धोका कमी होतो, हे मोठेच पाऊल आहे. पण ४० सेंटिमीटरचा वरचा थर तरीही कुजत राहतो, आणि तिथे लावल्या जाणाऱ्या तेलताडाला, म्हणजे पामतेलाच्या झाडाला, त्याहून ओली जमीन मानवत नाही. म्हणून पीक बदलण्याचा प्रश्न टाळता येत नाही. युरोपीय संघाच्या २०२४ सालच्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्यात शेतीखालच्या निचरा केलेल्या पिटासाठी २०३०, २०४० आणि २०५० ची उद्दिष्टे आहेत, आणि तिथेही शेतकऱ्याला भरपाई किती आणि कोण देणार हा प्रश्न उरतोच.

ज्या दलदलींना अजून कोणी चर काढलेले नाहीत त्यांच्याविषयी मात्र काम सोपे आणि स्वस्त आहे. काँगो नदीच्या खोऱ्यातल्या क्युव्हेट सेंट्राल या भागात दोन्ही काँगो देशांत मिळून सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर पीट आणि त्यात ३० अब्ज टन कार्बन असल्याचे ग्रेटा डार्गी, सायमन लुईस, काँगोचे शास्त्रज्ञ सस्पेन्स इफो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जगाला सांगितले. उष्ण कटिबंधातले एवढे मोठे पिटाचे क्षेत्र तोपर्यंत नकाशांवर जवळजवळ नव्हतेच. तिथे कोणी ते मुद्दाम जपून ठेवले होते असे नाही. रस्ता नव्हता, कालवा नव्हता, आणि भोवतालचे लोक त्या जंगलात मासेमारी व शिकार करत पण पाणी काढून घेत नव्हते, एवढ्यानेच ते टिकले. आता तिथे तेल शोधण्याच्या परवान्यांची चर्चा होते, रस्त्यांची होते, तेलताडाची होते.

ती पिशवी मी परत केली नाही, कारण त्याचा काही उपयोग नव्हता. दलदलीतून एकदा बाहेर काढलेले पीट पिशवीत ठेवून वाचत नाही; कुंडीत घाला किंवा कोपऱ्यात ठेवा, हवा लागली की ते हळूहळू कुजत जाते. मी ते रोपांना वापरले. त्यानंतरची रोपे पालापाचोळ्याचे चाळलेले खत, कोकोपीट आणि थोडी वाळू यांच्या मिश्रणात लावतो. या मिश्रणात पाणी जरा लवकर सुकते, म्हणून सकाळी एकदा आणि उन्हाळ्यात संध्याकाळीही हात लावून ओल पाहावी लागते.